राहिलेला उभा शब्द

“‘हाती गदा असलेला.’ आडवा, चार अक्षरी,” नानांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं.

“आडवा ना? मग तुमचा तुम्ही बघा,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“गदाधर!” नानांनी निळ्या पेनानं चार चौकोन भरले आणि मग माझ्याकडे पाहिलं. “शैले, बघतेस काय नुसती? पोहे गार होतायत.”

मिरजेच्या आमच्या घरातली ती रविवारची सकाळ. जेवणाच्या टेबलावर पेपरची पुरवणी पसरलेली. एका बाजूला माझे वडील, दुसऱ्या बाजूला समोरच्या चाळीत खोली घेऊन राहणाऱ्या सिस्टर, आणि मध्ये पोह्यांची बशी हातात धरून मी. मी पोहे खातेय असं दिसत होतं. खरं तर मी पहारा देत होते.

नाशिकहून मी आदल्या दिवशी आले होते, ती काही सहज आले नव्हते. करमरकरकाकूंचा फोन आला होता. काकूंची आणि आमची भिंत एक, आणि आमच्या घरात काय चाललंय ते आमच्याआधी काकूंना कळतं. “शैला, एकदा येऊन बघून जा ग. नानांचं घर आता नानांचं राहिलेलं नाही. मी काही बोलणार नाही, मला काय करायचंय!” काही बोलणार नाही म्हणून झाल्यावर त्या पुष्कळ बोलल्या. त्या बाई सकाळी चहाच्या वेळी येतात त्या दिवेलागण झाल्यावर जातात. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. भाजीवाला आता नानांना विचारतच नाही, त्यांनाच विचारतो.

मी बडोद्याला भावाला फोन केला. उल्हासचं आणि माझं एरवी कशावर एकमत होत नाही, त्या दिवशी झालं. नानांना नाशिकला माझ्याकडे आणायचं आणि मिरजेच्या घराला कुलूप घालायचं. “नानांशी गोड बोल,” उल्हास म्हणाला, “आणि त्या बाईला काय ते स्पष्ट सांग.” गोड बोलणं मला जमत नाही, स्पष्ट बोलणं जमतं. शिवाय मी शाळेत शिकवते. परीक्षेच्या वर्गात कुणाच्या बाहीत काय दडलंय ते मला त्याच्या बसण्यावरून कळतं. त्यामुळे हे काम माझ्या वाट्याला यायचं ते आलंच.

सिस्टर म्हणजे मनोरमा कारखानीस. जन्मभर दवाखान्यात नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, साठीच्या, बिनलग्नाच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा, की पुरुषांच्या वॉर्डाच्या दारातून नाव पुकारलं तर शेवटच्या खाटेवरचा पेशंट उठून बसायचा. हे मला नानांनीच सांगितलं होतं, तेही कौतुकानं.

दोघांची ओळख झाली ती भांडणातून. आई गेल्यावर नाना वेळ घालवायला वाचनालयात जाऊ लागले. रेल्वेत स्टेशनमास्तरकी केलेली, त्यामुळे उघडायच्या वेळेला हजर. पण तिथल्या पेपरातलं शब्दकोडं दर वेळी त्यांच्या आधी कुणीतरी सोडवून ठेवायचं. चोर पकडायचाच म्हणून एक दिवस ते दार उघडायच्या आधीच जाऊन उभे राहिले, तर सिस्टर त्यांच्याही आधी येऊन पायरीवर बसलेल्या. तिथे जोरदार खडाजंगी झाली आणि शेवटी तह झाला. कोडं एकच, आडवे शब्द नानांचे, उभे सिस्टरांचे. एकमेकांच्या शब्दाला हात लावायचा नाही. नाना पेननं भरत, सिस्टर पेन्सिलीनं. पुढे ते कोडं वाचनालयातून उठून आमच्या टेबलावर कधी आलं, ते मला कुणी सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीत मी आले होते तेव्हा तर त्या समोरच्या गॅलरीतून ओरडायच्या, “दामोदरराव, पुरवणी घेऊन या इकडे!” माझा अगदी तिळपापड व्हायचा. माझ्या वडिलांना आमच्या घरात अशी नावानं हाक कधी कुणी मारली नव्हती. या खेपेला मात्र ते बंद झालं होतं. आल्यापासून त्यांच्या तोंडून एकदाही ‘दामोदरराव’ ऐकलं नाही. काही सांगायचं झालं तर हवेत सांगत, “चहा झालाय,” “पाणी गेलंय.” मला वाटलं, बाई हुशार आहे. मुलगी आलीय म्हटल्यावर अंतर दाखवतेय.

आणि दाखवण्यासारखं दुसरं पुष्कळ होतंच. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर मला मीठ सापडेना. मिसळणाचा डबा डावीकडून उजवीकडे गेलेला, डाळींचे डबे वरून खाली आलेले. देवघराशेजारी आईचा फोटो असतो, त्याला मोगऱ्याचा ताजा हार. नानांना हार ओवता येत नाही. त्यांना सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही.

त्यातून ते अनारसे. त्या वर्षी अधिक महिना आला होता. अधिकात जावयाला वाण द्यायचं, ताटात तेहतीस अनारसे ठेवून वर दिवा लावायचा, ही आपली रीत. आई होती तोवर माझ्या नवऱ्याला ते मिळायचं. आई गेल्यावर तो प्रश्नच मिटला होता. आणि आता फडताळात अनारशांचा मोठा डबा भरून ठेवलेला! जाळी सुरेख पडली होती. ते मला कबूल करावं लागलं आणि त्याचाही राग आला.

“हे कुणी केले?” मी विचारलं होतं.

“जावईबापूंना आवडतात ना?” सिस्टर म्हणाल्या. कुणी केले ते त्यांनी सांगितलं नाही.

अधिक महिना म्हणूनच त्या रविवारचं कोडंही खास होतं. मथळाच होता ‘भगवंताची नावे’. सगळे शब्द म्हणजे विष्णूची नाहीतर कृष्णाची नावं. बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढून एकाला चांदीचं निरांजन मिळणार होतं. उत्तर कापून मंगळवारपर्यंत पोचेल असं पाठवायचं होतं.

“‘लक्ष्मीचा पती,’” नानांनी पुढचं वाचलं. “चार अक्षरी, सुरुवात र. सोप्पं आहे. रमाकांत.”

“रमापती असेल,” सिस्टर म्हणाल्या.

“आडवा आहे. माझा आहे.”

“मग भोगा आपल्या कर्माची फळं,” असं म्हणून त्यांनी आपला उभा शब्द भरला, अधोक्षज. न अडखळता.

मी चमकले. अधोक्षज हे नाव सहजासहजी कुणाला आठवत नाही. मला येतं ते आईमुळे. आई अधिक महिन्यात रोज तुळशीची पानं घेऊन बसायची आणि विष्णूच्या चोवीस नावांनी एकेक पान वाहायची. केशव, नारायण, माधव, गोविंद. मी शेजारी फ्रॉकचा घोळ सावरून बसायची. अधोक्षज आलं की मला हसू फुटायचं आणि आई डोळे वटारायची. त्या टेबलाशी बसून मला तिच्या ओल्या हाताचा वास आला, तुळशीचा आणि गंधाचा. आणि आईची ती नावं ही परकी बाई पेन्सिलीनं भराभर लिहीत होती!

“तुम्हाला बरी येतात सगळी,” मी म्हटलं.

“आमचे वडील संध्या करायचे. ऐकून ऐकून पाठ झाली. संकर्षण, प्रद्युम्न, अनिरुद्ध... हा बघ, अनिरुद्ध इथे बसला.”

पोह्यांच्या बश्या विसळून मी परत आले तेव्हा कोडं संपत आलं होतं. नाना खुर्चीत रेलून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू होतं. ते हसू मी ओळखते. तिकीट नसलेला माणूस सापडला की ते असे हसायचे.

“सिस्टर, तुमचा एक उभा राहिलाय.”

“माहितीये.”

“मग भरा की.”

“सुचत नाहीये.”

“सुचेल, सुचेल,” नाना म्हणाले. “उद्या दुपारपर्यंत वेळ आहे.”

सिस्टरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. परीक्षेच्या वर्गात दोन बाकांमध्ये असं काही झालं असतं तर मी दोघांचे पेपर काढून घेतले असते.

दोघं उठल्यावर मी पुरवणी ओढून पाहिली. राहिलेला शब्द चार अक्षरी होता. आडव्या शब्दांमुळे त्यातली दोन अक्षरं आयती आलेली होती. गदाधरमधला ‘दा’ पहिल्या चौकोनात, मुकुंदमधला ‘द’ तिसऱ्यात. सूचना होती, ‘यशोदेने ज्याला उखळाशी दाव्याने बांधले तो.’ शेंबडं पोर सांगेल. दामोदर. अधोक्षज येणाऱ्या बाईला हे येत नव्हतं? माझ्या वडिलांचंच नाव, गेल्या दिवाळीत गल्लीभर पुकारलेलं, आणि ते सुचत नाही? यात काहीतरी होतं. दोघांमधली काहीतरी खूण होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. मला ती कळत नव्हती, म्हणून माझं डोकं भणभणत होतं.

संध्याकाळी सिस्टर आपल्या खोलीवर गेल्यावर मी नानांपाशी विषय काढला.

“नाना, नाशिकला चला.”

“येतो की दिवाळीला.”

“दिवाळीला नाही. राहायला. कायमचं.”

नानांनी पंख्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. “मला मिरजेचं पाणी सोसतं, शैले. दुसरीकडे पोट बिघडतं.”

“पन्नास गावचं पाणी प्यायलात नोकरीत. तेव्हा बिघडलं नाही ते?”

“तेव्हा तुझी आई होती,” ते म्हणाले. मग खुर्चीत पुढे सरकून बसले. “शैले, तुला एक सांगायचं होतं.”

“बोला ना.”

त्यांचे ओठ हलले. हात गुडघ्यांवरून खालीवर फिरले. “ते अनारसे नेशील ना आठवणीनं? जावयाचं वाण आहे.”

“जावयाचं वाण सासू-सासऱ्यांनी जोडीनं द्यायचं असतं, नाना,” मी म्हटलं. “सासू कुठे आहे?”

नाना आईच्या फोटोकडे बघताहेत असं मला वाटलं. पण त्यांची नजर फोटोच्या पलीकडे उघड्या दाराकडे होती, आणि दारातून समोरची चाळ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी करमरकरकाकूंनी मला भिंतीवरून गाठलं. हातात विरजणाचं भांडं, म्हणजे बोलायला निमित्त.

“विचारलंस?”

“काय विचारू?”

“अग, चैत्रात दोघं सांगलीला गेले होते. सकाळच्या पहिल्या गाडीनं. कुठे म्हणून मी विचारलं तर नाना म्हणाले, कचेरीत काम आहे. बाईसाहेब ठेवणीतल्या साडीत! वाचनालयातले तिघे म्हातारे, ते पण बरोबर. आता तूच सांग, साक्षीदार घेऊन माणूस कचेरीत कशाला जातो?”

“कशाला?”

“सह्या करायला! घर गेलं, शैला. मी काही बोलत नाही.”

हप्ते फेडताना आईनं दोन पातळांवर वर्षं काढली, त्यातून उभं राहिलेलं ते घर. तिनं लावलेली तुळस मागच्या दारी अजून होती. ते घर कुणाच्या तरी नावावर करून नाना मला अनारसे देत होते! नाशिकला जायला ते का तयार नाहीत, मधेच शब्द का गिळतात, सगळ्याचा उलगडा झाला असं मला वाटलं.

दुपारी नाना दाढी करायला कोपऱ्यावर गेले. येताना टपालपेटीकडे वळायचं म्हणून त्यांनी पाकीट मागितलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “अजून एक शब्द राहिलाय, परत येऊन घेऊन जा.” नाना हसत हसत गेले. सिस्टर टेबलाशी गवार मोडत बसल्या. कोड्याचं कात्रण त्यांच्या कोपराशी, उडू नये म्हणून वर अडकित्ता ठेवलेला. मी समोरची खुर्ची ओढून बसले.

“सिस्टर, हे घर कुणाच्या नावावर आहे?”

“तुझ्या वडिलांच्या. आणखी कुणाच्या असणार?”

“मग चैत्रात सांगलीच्या कचेरीत कशासाठी गेला होतात?”

त्यांचे हात थांबले. मोडलेली शेंग त्यांनी ताटात ठेवली. “ते तू तुझ्या वडिलांना विचार.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“ते सांगणारच आहेत.”

“कधी?”

“काल सांगणार होते,” त्या म्हणाल्या. “अक्षय्य तृतीयेला सांगणार होते. त्याआधी फोनवर सांगणार होते. फोन ठेवला की म्हणायचे, आज लाइन खराब होती.”

“म्हणजे आहे काहीतरी.”

“आहे.”

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. त्यामुळे राग आणखी चढला. समोर ते कात्रण होतं. मी अडकित्ता उचलून बाजूला ठेवला.

“आणि हे काय चाललंय कालपासून? मी काय कुक्कुलं बाळ आहे? हा ‘दा’, हा ‘द’. अधोक्षज तुम्हाला येतो आणि हे येत नाही? भरा बघू माझ्यासमोर.”

मी पेन्सिल उचलून त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी ती धरली. टोक रिकाम्या चौकोनावर टेकवलं. हात हलला नाही.

“नाही ग.”

“का?”

“नाही लिहिता येत.”

“बरं, तोंडानं सांगा. मी लिहिते.”

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खांद्यावरून सुटलेला पदर त्यांनी पुढे ओढून घेतला, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत चोरी नव्हती, भीतीही नव्हती. त्या वाट बघत होत्या. मीच तो शब्द उच्चारावा म्हणून वाट बघत होत्या.

ही नजर मी पाहिलेली होती.

हृषीकेश, पद्मनाभ, इथवर आई घडाघडा म्हणत यायची आणि तुळशीचं पान चिमटीत धरून थांबायची. पुढचं नाव तिला घेता येत नसे. देवाचं असलं तरी ते नवऱ्याचं नाव होतं. ती तशीच पान धरून माझ्याकडे बघायची, आणि मग मी, जिवाच्या आकांतानं, आळीला ऐकू जाईल असं ओरडायची, “दामोदर!” की आई पान वाहायची आणि पुढे चालू लागायची, संकर्षण, वासुदेव. आपल्यावाचून आईचा देव अडतो, याचा मला कोण अभिमान होता!

आता मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं लख्ख दिसलं. सांगलीची कचेरी, ठेवणीतली साडी, तीन साक्षीदार. बंद झालेलं ‘दामोदरराव’. जावयाचं वाण. घर कुणाच्याही नावावर झालं नव्हतं.

“लग्न केलंत,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

सिस्टरांनी मान हलवली. “चैत्रात. नोंदणी.”

“आणि आम्ही? आम्हाला सांगावंसं वाटलं नाही?”

“मी त्यांना पहिल्या दिवसापासून सांगतेय, आधी मुलांना सांगा. सांगितल्याशिवाय मी या घरात राहायला येणार नाही. अजून समोरच राहते मी. तुला काकूंनी हे सांगितलं नसेल.”

नव्हतं सांगितलं. दिवेलागण झाली की त्या जातात, एवढंच सांगितलं होतं. का जातात ते मी विचारलं नव्हतं.

“त्यांना तुझी भीती वाटते,” सिस्टर म्हणाल्या. “उल्हासची नाही वाटत. म्हणतात, उल्हास रागावेल आणि विसरेल. शैला काही बोलणार नाही, पण यायची बंद होईल.”

मला रडू यायला लागलं आणि ते मला मुळीच यायला नको होतं. आईच्या जागी दुसरी बाई! हेच, दुसरं काही नाही, हेच मनात आलं. फोटोतली आई हार घालून शांत बसली होती.

“हार तुम्ही ओवता?”

“रोज.” त्या ताटातल्या शेंगा उगाच एका बाजूला सारत होत्या. “मला या वयात हसू येतं ग माझंच. जन्म गेला वॉर्डात नावं पुकारण्यात. सदाशिव, गणपत, हुसेन, पीटर, कुणाचं नाव घेताना कधी जीभ अडली नाही. यांचं सुद्धा किती घेतलं, तू ऐकलंयस. आणि त्या दिवशी सांगलीहून आलो, दारात हाक मारायला गेले तर तोंडातून नावच येईना. मला कुणी सांगितलं नव्हतं, घेऊ नको म्हणून. माझं मलाच नवल वाटलं. मग म्हटलं, राहू दे. आयुष्यात एवढं एक राहून गेलं होतं, तेही करून बघू.”

मग त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं, नर्स पेशंटच्या नातेवाइकाकडे बघते तसं. “हे बघ शैला, तू त्यांना न्यायला आलीयस ते मला माहितीये. न्यायचं तर ने. तू मुलगी आहेस, मी आडवी येणार नाही. फक्त त्यांची रात्रीची गोळी चुकवू नकोस. जेवणाआधीची आहे, ते जेवणानंतर घेतात आणि खोटं सांगतात.”

तेवढ्यात फाटक वाजलं. नाना आले. गुळगुळीत दाढी, अंगाला पावडरीचा वास. दारातच त्यांनी आम्हा दोघींना पाहिलं, माझे डोळे पाहिले, आणि चपला काढायच्या विसरून तिथेच उभे राहिले. आयुष्यभर गाड्यांना झेंडी दाखवणारा माणूस, पण आत यावं की बाहेर थांबावं हे त्याला ठरवता येईना.

“शैले,” एवढंच ते म्हणाले.

समोर कात्रण होतं आणि त्यात दोन चौकोन रिकामे होते. सिस्टरांच्या बोटांत पेन्सिल अजून तशीच होती, तुळशीच्या पानासारखी चिमटीत.

मी ती त्यांच्या हातातून घेतली.

“दामोदर,” मी म्हटलं. ओरडले नाही, पण स्पष्ट म्हटलं. फोटोलासुद्धा ऐकू जाईल असं. आणि ‘मो’ आणि ‘र’ भरले.

सिस्टरांनी पदर तोंडाला लावला. नाना हळूच आत येऊन भिंतीला टेकले.

“अहो, चपला,” सिस्टर पदराआडून म्हणाल्या. “आतपर्यंत आलात चपला घालून.”

मी कात्रण घडी करून पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि नानांच्या हातात दिलं. “जा आता, टपाल निघेल. आणि सिस्टर, समोरची खोली कधी सोडताय? मी गुरुवारपर्यंत आहे. सामान हलवायला हात लागतील.”

“शैले, नाशिक...” नाना चाचरत म्हणाले.

“दिवाळीला या. दोघं.”

त्या गुरुवारी मी एकटीच परत गेले, मांडीवर अनारशांचा डबा घेऊन. माझ्या नवऱ्यानं वाण घेतलं, दोन अनारसे उभ्या उभ्या खाल्ले आणि मग विचारलं, “पण हे दिलं कुणी?” मी म्हटलं, “सासू-सासऱ्यांनी,” आणि त्याला बसायला सांगितलं. उल्हासला समजवायला मात्र वर्ष गेलं. करमरकरकाकूंना मी मुद्दाम काही सांगितलं नाही. सामान हलताना त्यांनी भिंतीवरून सगळं पाहिलंच.

पुढे नाना नऊ वर्षं होते आणि सिस्टर त्यांच्यानंतरही काही वर्षं होत्या. आता दोघंही नाहीत. पण रविवारची पुरवणी हातात आली, की मला आधी आठवतो तो त्या कोड्याचा निकाल लागला त्या दिवशी आलेला फोन.

“निरांजन गेलं ग,” सिस्टर म्हणाल्या. “कोडं चुकलं. रमापतीच होतं ते, रमाकांत नव्हतं. मी सांगत होते. माझे उभे सगळे बरोबर, यांचा एक आडवा चुकला.”

“कुणाचा चुकला?” मी मुद्दाम विचारलं.



“चावट कुठली,” सिस्टर म्हणाल्या. आणि मग रिसीव्हर बाजूला धरून, शेवटच्या खाटेपर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात, त्यांनी हाक मारली, “अहो, ऐकलंत का? शैलाचा फोन आहे!”